जुन्या सहा-सिलिंडर शेवर्लेचा मागचा रेशो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१९४० ते १९५४ या काळातल्या सहा-सिलिंडर शेवर्ले गाड्या आपल्याकडे अजून बऱ्यापैकी टिकून आहेत. जनरल मोटर्सचा जुळणीचा कारखाना १९२८ ते १९५४ मुंबईत शिवडीला होता, त्याची ही पुण्याई. फ्लीटमास्टर, स्टाइललाइन, बेल एअर. जुनी माणसं सरसकट सगळ्यांना ‘शेवरलेट’च म्हणायची. गाडी सुरू झाली, रंग झाला, सीट शिवून झाले, की मालकाचा पुढचा प्रश्न ठरलेला: हायवेला इंजिन फार ओरडतं, मागचा रेशो बदलू का? त्याभोवती फिरणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. डॉज-प्लिमथवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं वेगळं लिहिलं आहे.

मागचा रेशो म्हणजे नेमकं काय?

मागच्या हौसिंगमध्ये क्राऊन आणि पिनियन असतात. पिनियन इंजिनाकडून फिरतं, क्राऊन चाकांना फिरवतो. क्राऊनचे दात भागिले पिनियनचे दात म्हणजे रेशो. ३७ भागिले ९ म्हणजे ४.११, ३७ भागिले १० म्हणजे ३.७०, ३९ भागिले ११ म्हणजे ३.५५. टॉप गिअर एकास एक असल्यामुळे ४.११ वाल्या गाडीत चाक एकदा फिरायला इंजिनाला चार वेळा आणि वर थोडं फिरावं लागतं.

‘हाय रेशो’, ‘लो रेशो’ हे शब्द मी वापरतच नाही. दोन मेकॅनिक त्यांचे दोन उलटे अर्थ लावतात आणि भलताच पार्ट येऊन पडतो. आकडा बोला. आकडा मोठा असेल तर ओढ जास्त आणि पळ कमी, लहान असेल तर उलट.

माझ्या गाडीत कोणता रेशो आहे ते कसं कळेल?

कारखान्याचा हिशेब साधारण असा. १९४० ते १९५२ च्या तीन गिअरच्या मॅन्युअल गाडीत ४.११, १९५३ आणि १९५४ च्या मॅन्युअलमध्ये ३.७०, आणि १९५० पासून आलेल्या पॉवरग्लाइड ऑटोमॅटिक गाडीत ३.५५. पण सत्तर-ऐंशी वर्षांत हौसिंग कुणी उघडलं नसेल याची खात्री कुणी द्यावी? मोजून घ्या.

इतर गाड्यांत प्रॉपेलर शाफ्टवर खडूची खूण करून फेरे मोजतात. इथे ते जमत नाही, कारण शाफ्ट टॉर्क ट्यूबच्या, म्हणजे गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या जाड नळीच्या, आत बंद असतो. मग इंजिनाचे फेरे मोजायचे. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा. मागचं एकच चाक उचलून खाली घोडी द्या, दुसरं जमिनीवर घट्ट राहू द्या. प्लग सगळे काढा, गाडी टॉपमध्ये टाका. पुढच्या पुलीवर खडूने रेघ ओढा, उचललेल्या चाकावरही. एक जण पुढून इंजिन हाताने फिरवतो, दुसरा चाकाचे दहा फेरे मोजतो. एक चाक अडलेलं असल्यामुळे डिफरन्शिअल दुसऱ्याला दुप्पट फिरवतं, म्हणून चाकाच्या दहा फेऱ्यांना इंजिनाचे फेरे रेशोच्या पाचपट भरतात. साडेवीस आले तर ४.११, साडेअठरा आले तर ३.७०, पावणेअठरा आले तर ३.५५. शेवटच्या दोघांत फक्त पाऊण फेऱ्याचा फरक आहे, तेव्हा रेघ जाड ओढू नका. शंका उरलीच तर मागचं झाकण उघडून दात मोजा. तेवढ्यात आतलं ऑइलही पाहून होतं.

कारखान्याने ४.११ का दिला? त्यांना कळत नव्हतं का?

चांगलं कळत होतं. २१६ क्युबिक इंचाचं इंजिन, म्हणजे साडेतीन लिटर, साधारण ९० हॉर्सपॉवर आणि तीही ३,३०० आरपीएमच्या आसपास. गिअर फक्त तीन. ग्राहक म्हणजे खेड्यातल्या कच्च्या रस्त्यावर कुटुंब आणि सामान घेऊन जाणारा माणूस, ज्याला टॉपमधून गिअर उतरवायचा कंटाळा. ताशी ७०-७५ ला ही गाडी अगदी खुशीत असते. रस्तेच तेवढ्या वेगाचे होते. आपली तक्रार सुरू होते ती एक्स्प्रेसवेवर १०० च्या प्रवाहात गाडी घालायला लागल्यावर.

८० ला आणि १०० ला माझं इंजिन किती फिरतंय?

आधी टायर मोजा. टायरवर आणि जमिनीवर समोरासमोर खडूची खूण करा, गाडीत माणूस बसवून ती सरळ ढकला, चाकाचा एक पूर्ण फेरा झाला की अंतर टेपने घ्या. ६.००-१६ किंवा ६.७०-१५ टायरला हे साधारण २.१७ मीटर येतं. सूत्र सोपं: ताशी वेगाला १६.६७ ने गुणा, रेशोने गुणा, या २.१७ ने भागा.

८० ला: ४.११ मध्ये सुमारे २,५२५, ३.७० मध्ये २,२७५, ३.५५ मध्ये २,१८०.
१०० ला: ४.११ मध्ये ३,१६०, ३.७० मध्ये २,८४०, ३.५५ मध्ये २,७३०.

म्हणजे ४.११ ची गाडी १०० ला चालवताना तुम्ही २१६ च्या पूर्ण ताकदीच्या आरपीएमला जवळजवळ जाऊन टेकलेले असता. पिस्टनचा स्ट्रोक पावणेचार इंच आहे, त्या हिशेबाने पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला दहा मीटर होतो. ३.५५ मध्ये तोच साडेआठ-पावणेनऊवर येतो. कानाला हा फरक आकड्यांपेक्षा मोठा वाटतो, बोलणं ऐकू येऊ लागतं.

मग ३.५५ टाकूनच घेऊ. घाटात चालेल ना?

इथे जरा थांबा. बहुतेक जण टॉपचा विचार करून रेशो ठरवतात आणि नंतर सेकंडमध्ये पस्तावतात.

गाडीचं वजन चौदाशे-साडेचौदाशे किलो. पाच माणसं आणि डिकी भरली की साडेसतराशेच्या वर. पंधराला एक असा चढ ताशी ५० ने चढायला मागच्या चाकांवर सुमारे ५५० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. २१६ चा कागदावरचा टॉर्क २३५ न्यूटन-मीटरच्या आसपास आहे. पंखा, डायनॅमो, इंजिनाचं वय हे सगळं वजा करून २०० धरा आणि वाटेत दहा टक्के गळती सोडा. ४.११ ने टॉपमध्ये चाकावर ७४० मिळतात, ३.५५ ने ६४०. दोन्ही पुरतात. पण शिल्लक बघा: १९० होती ती ९० झाली. रेशो चौदा टक्क्यांनी बदलला आणि हातातली शिल्लक निम्म्याहून कमी उरली. पुढे एखादा ट्रक रांगत असेल, त्याच्या मागून वेग पुन्हा उचलायचा असेल, तर गाडी मरते ती इथे.

दहाला एक चढाला ७४० लागतात. ४.११ ची गाडी टॉपमध्ये तिथे जेमतेम तग धरते. ३.५५ ची सरळ सेकंड मागते. यात वाईट काही नाही. सेकंडचा रेशो १.६८ आहे, त्यामुळे ३.५५ वर ५० च्या वेगाला इंजिन २,३०० च्या आसपास फिरतं आणि गाडी मजेत चढते. उलट सेकंडमध्ये आता ६५ पर्यंत जाता येतं, पूर्वी ५६-५७ लाच इंजिन तीन हजारांवर जायचं. लांब, सरळ चढाला ३.५५ ची सेकंड ४.११ च्या सेकंडपेक्षा मला जास्त आवडते.

गोची वळणाची आहे. केसाच्या पिनेसारख्या वळणावर वेग १५ वर येतो. ४.११ मध्ये सेकंडला तेव्हा इंजिन ८०० ला असतं आणि कुरकुरत का होईना निघतं. ३.५५ मध्ये ते ६९० वर असतं, गाडी हिसके देते, मग पहिला गिअर हवाच. आणि या डब्यात पहिल्याला सिंक्रो, म्हणजे दात आपोआप जुळवणारी सोय, नाही. चालत्या गाडीत पहिला टाकायचा तर डबल क्लच करून, मध्ये अॅक्सिलरेटर देऊन दात जुळवायला लागतात, नाहीतर गाडी पूर्ण थांबवून. १९४८ पर्यंतच्या गाड्यांत स्टिअरिंगवरचा गिअर व्हॅक्यूमच्या मदतीने पडतो, तो आपल्या सवडीने पडतो. मागे एसटी चिकटलेली असताना आंबोली किंवा वरंधा घाटात हा सगळा कार्यक्रम करून बघा, मग ठरवा.

माझा नियम असा: तुमच्या नेहमीच्या रस्त्यावरच्या सगळ्यात अवघड वळणावर सध्या तुम्ही कोणत्या गिअरमध्ये असता आणि किती वेगात असता ते दोन-तीन फेऱ्यांत टिपून ठेवा. सेकंडमध्ये ताशी २० च्या वर राहत असाल तर ३.५५ बिनघोर घ्या. त्याखाली जात असाल तर ४.११ राहू द्या किंवा ३.७० बघा. खंडाळ्याचा बोरघाट, खंबाटकी, कसारा हे रुंद झालेले घाट ३.५५ ला जड जात नाहीत. कोकणात उतरणारे जुने अरुंद घाट जातात.

इंजिन २१६ आहे की २३५ यावर काही ठरतं का?

बरंच ठरतं. २१६ च्या कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं व्हाइट मेटलची, रॉडमध्येच ओतलेली, आणि त्यांना ऑइल मिळतं ते रॉडच्या टोकावरच्या पळीने, संपमधल्या कुंडातून उडवून. पूर्ण प्रेशरचं ऑइलिंग त्यात नाही. या इंजिनाला दोन गोष्टी खपत नाहीत: तासन्‌तास चढे आरपीएम, आणि कमी आरपीएमला पाय दाबून ओढणं. पहिली गोष्ट ४.११ घडवून आणतो, दुसरी ३.५५. म्हणून २१६ मध्ये ३.५५ टाकणाऱ्याला मी एकच सांगतो: ताशी ४० च्या खाली टॉपमध्ये अॅक्सिलरेटर दाबायचा नाही, सेकंड घ्यायचा. पूर्वी ३२ ला टॉप एक हजार आरपीएमला असायचा, आता ३७ ला. हाताची सवय बदलली नाही तर सहा महिन्यांत रॉड ठोकू लागेल, आणि व्हाइट मेटल नीट ओतून बोअर करून देणारा माणूस आता शोधून सापडत नाही.

२३५ क्युबिक इंचाचं इंजिन १९५० मध्ये पॉवरग्लाइडबरोबर मोटारींत आलं, तेव्हा १०५ हॉर्सपॉवरचं. १९५४ पासून सगळ्याच २३५ इंजिनांना शेलची, म्हणजे सुटी बदलता येणारी, बेअरिंगं आणि पूर्ण प्रेशरचं ऑइलिंग मिळालं. असं नंतरचं २३५ तुमच्या गाडीत बसवलेलं असेल, आणि आपल्याकडे बऱ्याच गाड्यांत ते आहे, तर ३.५५ बद्दल फार डोकं खपवू नका.

पॉवरग्लाइडला ३.५५ चालतो, मग मॅन्युअलला घाटात का अडचण?

कारण पॉवरग्लाइडमध्ये टॉर्क कन्व्हर्टर आहे. गाडी दम खायला लागली की तो घसरतो, इंजिनाला वर चढू देतो आणि टॉर्क वाढवून मागे देतो. मॅन्युअलमध्ये ते काम तुमच्या डाव्या पायाला आणि हाताला करावं लागतं.

३.७० कुणी घ्यावा?

ज्याला आयता मिळाला त्याने. कागदावर तो मधला आहे, प्रत्यक्षात ३.५५ च्या जवळ. १९५३-५४ ची मॅन्युअल गाडी असेल तर आहे तो छान आहे, हात लावू नका. त्यासाठी मुद्दाम शोधाशोध करण्यात अर्थ वाटत नाही.

फक्त टायर बदलून भागणार नाही का?

थोडंफार भागतं, आणि पहिला प्रयोग तोच करावा, कारण तो परत फिरवता येतो. पण आधी हे तपासा की कुणीतरी टायर बदलूनच तुमचा प्रश्न निर्माण केलेला नाही. मूळ टायर उभा २८ इंच, म्हणजे सुमारे ७११ मिलिमीटर. त्या जागी २०५/७५ आर १५ रेडियल बसवला तर उंची ६८९ होते आणि तुमचा ४.११ चालताना ४.२४ सारखा वागतो. २३५/७५ आर १५ बसवला तर उंची ७३३ होते आणि तोच ४.११ जवळपास ३.९८ सारखा. दोन्ही टोकांत सहा टक्क्यांचा फरक. मात्र रुंद टायर मडगार्डला घासतो का, स्टिअरिंग जड होतं का, स्पेअर आपल्या जागेत जातो का, हेही बघायला लागतं. या गाड्यांना पॉवर स्टिअरिंग नाही हे पार्किंग करताना आठवतं.

क्राऊन-पिनियनचा संच कुठून आणायचा?

तीन वाटा. भंगारातली पॉवरग्लाइड गाडी किंवा तिचं हौसिंग, अमेरिकेतून जुना वापरलेला संच, किंवा तिथे नवे बनवून विकले जाणारे ३.५५ चे संच. कुर्ल्याच्या आणि चोरबाजारच्या गल्ल्यांत अजूनही अधूनमधून काहीतरी निघतं, पण तिथे जाताना तीन गोष्टी डोक्यात ठेवा.

एक, क्राऊन आणि पिनियन जोडीनेच घ्यायचे. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि बहुधा दोघांवर एकच नंबर कोरलेला असतो. सुटा क्राऊन कितीही चकचकीत असला तरी तो पेपरवेट आहे.

दोन, ट्रकचा माल ओळखा. त्या काळच्या शेवर्लेच्या पाऊण टनी गाडीचा रेशो ४.५७ असायचा, एक टनीचा ५.१४. विकणारा ‘शेवरलेटचा आहे, बसेल’ एवढंच सांगतो. दात मोजल्याशिवाय पैसे देऊ नका.

तीन, दातांवरून नख फिरवा. खड्डे, पापुद्रे किंवा एका कडेला चमकदार पट्टा दिसला तर तो संच आयुष्यभर गाणार.

पॉवरग्लाइडचा संच घेताना त्याचा प्रॉपेलर शाफ्ट घेऊन उपयोग नाही, गिअरबॉक्स वेगळा म्हणून त्याची लांबी वेगळी. शाफ्ट आपलाच ठेवायचा आणि पिनियन त्याला जोडायचं. १९४९ च्या आधीच्या गाडीत घालणार असाल तर कॅरियर (क्राऊन-पिनियन धरून ठेवणारा सांगाडा), पिनियनचा जोड आणि बेअरिंगं जुन्या पार्टशेजारी ठेवून व्हर्नियरने मापून घ्या, मगच व्यवहार करा.

काम किती मोठं आहे? गल्लीतला मेकॅनिक करेल का?

नटबोल्ट खोलणं तो करेल. जुळवणं सगळ्यांना येत नाही.

टॉर्क ट्यूबमुळे मागचा एक्सल आणि गिअरबॉक्स एकाच दांड्याने बांधलेले आहेत. पुढे गिअरबॉक्सच्या मागे एक गोल बॉल-सांधा, त्याच्या आत एकच युनिव्हर्सल जॉइंट. ट्यूब सोडवायची तर अख्खा एक्सल मागे सरकवावा लागतो. त्यासाठी पाट्यांचे, म्हणजे स्प्रिंगांचे, यू-बोल्ट, ब्रेकची नळी, हँडब्रेकच्या केबल सगळं सुटतं. मागचं झाकण काढून एक्सल शाफ्टच्या आतल्या टोकांच्या नालासारख्या चकत्या काढल्या की शाफ्ट बाहेर येतात, आणि मग कॅरियर पुढच्या बाजूने निघतो. दोन माणसांना दोन दिवस धरा, गंजलेले बोल्ट तुटणार नाहीत असं गृहीत धरून.

खरी कसोटी त्यानंतर. पिनियन किती आत-बाहेर बसतं ते शिमने, म्हणजे पातळ पत्र्याच्या चकत्यांनी, ठरतं. क्राऊन आणि पिनियनमधली मोकळीक, म्हणजे बॅकलॅश, डायल गेज लावून मोजायची. ती ५ ते १० थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) दरम्यान असावी आणि क्राऊनवर चार ठिकाणी मोजून सारखी यावी. मग दातांना रंग लावून ठसा बघायचा. जुने फिटर शेंदूर तेलात कालवून लावतात आणि त्याने अगदी स्वच्छ ठसा उमटतो. ठसा दाताच्या मधोमध, थोडा आतल्या टोकाकडे झुकलेला हवा. शेंड्याला गेला तर पिनियन आत न्यायचं, बुडाला गेला तर बाहेर. हे चार-पाच वेळा खोलून-बसवून करायचं असतं. इथे कंटाळा चालत नाही.

माझ्या गाडीचं काम पहिल्यांदा ज्या वर्कशॉपने केलं तिथे डायल गेज कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली मालकाकडे. हाताने हलवून ‘बरोबर आहे साहेब’ म्हणून बसवलं. पहिल्याच फेरीत ताशी ५५ ते ६५ मध्ये मागून सनईसारखा सूर लागला, अॅक्सिलरेटर सोडला की बंद. उघडून मोजलं तर मोकळीक दोन थाऊसुद्धा नव्हती. आता काम देताना मी आधी गेज बघायला मागतो. तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

आवाजावरून दोष कळतो का?

ढोबळ कळतो. ओढताना आवाज आणि सोडल्यावर शांत, किंवा उलटं, तर दातांची जुळणी. दोन्ही वेळेला सारखी घरघर आणि वेगाबरोबर वाढणारी, तर बेअरिंग. फक्त वळताना कटकट, तर डिफरन्शिअलच्या आतली छोटी चाकं. गिअर बदलताना एकच ‘ठक’ असेल तर आधी पुढचा युनिव्हर्सल जॉइंट बघा, हौसिंग उघडायची घाई नको.

ऑइल कोणतं?

मागे हायपॉइड गिअर आहेत, म्हणजे दात एकमेकांवर घसरत फिरतात. तिथे जीएल-५ प्रतीचं ९० नंबरचं ऑइल हवं. गिअरबॉक्समध्ये पितळी भाग असल्यामुळे जीएल-४. दोन्हीकडे एकच डबा रिकामा करू नका. नव्या संचाला पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जपून चालवा, अर्ध्या तासाने थांबून हौसिंगला हात लावून बघा. हात ठेवता येत नसेल इतकं तापलं तर गार होऊ द्या. आठशे किलोमीटरला ऑइल बदला.

आणखी एक खोड या गाड्यांची: टॉर्क ट्यूबच्या पुढच्या टोकाचा बुश आणि सील झिजले की गिअरबॉक्सचं ऑइल ट्यूबमधून घरंगळत मागे येतं. गिअरबॉक्स कोरडा, हौसिंग भरून वाहतंय, आणि मागचे ब्रेक ऑइलने माखलेले. लोक मग मागचं सील तीन-तीनदा बदलत बसतात. ट्यूब खोललीच आहे तर पुढचा बुश आणि सील त्याच वेळी बदलून टाका.

स्पीडोमीटर चुकेल का?

हमखास, आणि धोक्याच्या बाजूने. त्याची केबल गिअरबॉक्सच्या मागच्या टोकावरून निघते, त्याला मागे काय बदललं ते कळत नाही. ४.११ चा ३.५५ केला की प्रत्यक्ष ८० ला काटा ६९ दाखवतो. तुम्ही काटा ८० वर ठेवलात तर गाडी ९२-९३ ने धावते आहे, चारही चाकांना ड्रम ब्रेक असताना. केबलचे छोटे गिअर बदलता आले तर उत्तम, नाहीतर मध्ये बसवायची दुरुस्तीची डबी मिळते. तोवर मोबाइलच्या जीपीएसवर बघून काचेवर बारीक खुणा करा. किलोमीटरचा आकडाही तितकाच कमी पडेल, ऑइल बदलण्याचा हिशेब त्याप्रमाणे ठेवा.

अॅव्हरेज वाढेल?

सपाटीवर एका वेगाने चालवलं तर थोडं. आरपीएम चौदा टक्क्यांनी उतरले म्हणजे पेट्रोल चौदा टक्क्यांनी वाचत नाही. हवा कापायला तीच ताकद लागते. पेट्रोल वाचवायला हे काम करत असाल तर त्या पैशांत कितीतरी वर्षं पेट्रोल येईल.

त्यापेक्षा ओव्हरड्राइव्ह किंवा पाच गिअरचा डबा टाकला तर?

यांत्रिक दृष्टीने तेच उत्तम उत्तर. १९५५ मध्ये शेवर्लेने टॉर्क ट्यूब सोडून उघडा शाफ्ट घेतला आणि ओव्हरड्राइव्हही, म्हणजे टॉपच्या वरचा आणखी एक गिअर, देऊ केला. त्या गाड्यांत मागे ४.११ च ठेवून ०.७० चा ओव्हरड्राइव्ह होता, म्हणजे घाटाला ४.११ आणि हायवेला २.८८. पण तुमच्या टॉर्क ट्यूबच्या गाडीत ते करायचं तर शाफ्ट, मागचा एक्सल, पाट्यांच्या बैठका सगळं बदलतं. आजवर धक्का ट्यूब झेलत होती, तो पाट्यांनी झेलायला हवा. अमेरिकेत हौशी लोक पाच गिअरचा टी-५ डबा आणि नंतरच्या काळातला एक्सल लावून हे सर्रास करतात. मी करणार नाही. गाडीतून उतरल्यावर ती १९४७ चीच असावी असं मला वाटतं. तुम्हाला तसं वाटत नसेल तर त्यात चूक काही नाही.

आरटीओची अडचण येते का?

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी मिळते. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार नसावा. हौसिंगच्या आतले दात बदलणं त्या व्याख्येत येत नाही. दुसरा एक्सल बसवायला चासीवर वेल्डिंग केलं तर मात्र प्रश्न विचारला जाऊ शकतो. आणि व्हिंटेज नोंदणीची गाडी रोजच्या वापराला चालत नाही, फक्त रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, इंधन भरणं अशा कामांना. तेव्हा नोंदणी तशी असेल तर रेशो रॅलीच्या रस्त्यांकडे बघून ठरवा.

माझी डॉज किंग्जवे आहे. हेच सगळं लागू?

हिशेब तोच, हत्यारं वेगळी. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये जुळलेल्या डॉज, प्लिमथ, डिसोटो या क्रायस्लर कुळातल्या. इंजिन साइड-व्हॉल्व्ह सहा-सिलिंडर, पण शेलची बेअरिंगं आणि प्रेशरचं ऑइलिंग, त्यामुळे आरपीएम जास्त सोसतात. शाफ्ट उघडा आहे, खडूची खूण करून फेरे सरळ मोजता येतात. ३.७३, ३.९० आणि ४.१० हे रेशो नेहमी भेटतात आणि कॅरियर पुढून अख्खा निघतो, म्हणून काम शेवर्लेपेक्षा निम्म्या वेळात होतं.

फक्त मागचे ड्रम. ते निमुळत्या शाफ्टवर चावीने बसवलेले असतात आणि जड पुलरशिवाय निघत नाहीत. हातोड्याने ठोकून काढायला गेलात तर ड्रम वाकतो आणि शाफ्टचं टोकही बसतं. नट थोडा ढिला करून शाफ्टवरच ठेवा, पुलर ताणून रात्रभर सोडा. पहाटे कधीतरी बंदुकीसारखा आवाज होऊन ड्रम सुटतो, घरच्यांना आधी सांगून ठेवा. हँडब्रेक गिअरबॉक्सच्या मागे शाफ्टवर आहे. शाफ्ट काढला की गाडीला हँडब्रेक उरत नाही, ठोकळे लावल्याशिवाय खाली जाऊ नका.

काढलेला ४.११ चा संच विकू का?

नको. पुढचा मालक, किंवा पाच वर्षांनी तुम्हीच, तो मागणार. क्राऊन, पिनियन, त्यांचे शिम आणि बेअरिंगच्या कपा एकत्र ठेवा, ग्रीस चोपडा, जुन्या धोतरात गुंडाळा, वर पत्र्याची चकती तारेने बांधून तिच्यावर दातांचे आकडे आणि काढल्याची तारीख कोरा. कागदाची चिठ्ठी ग्रीसने वाचता येत नाही. माझा संच माळ्यावर गव्हाच्या रिकाम्या डब्यात आहे आणि दर दिवाळीच्या साफसफाईत त्याच्यावरून घरात एकदा वाद होतो.